प्रोक्लेमर्स म्हणजे फक्त '५०० माइल्स'?

मीठभाकर
परवा मित्राच्या गाडीत '५०० माइल्स' लागलं. तो म्हणाला, "हे ते चष्मेवाले जुळे ना? एक गाणं गाजलं आणि गायब झाले." तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून हा धागा.

प्रोक्लेमर्स म्हणजे क्रेग आणि चार्ली रीड, स्कॉटलंडमधल्या एडिंबरोला खेटून असलेल्या लीथ बंदरातले, जन्म १९६२. '५०० माइल्स'च्या आधीच, १९८७ मध्ये, त्यांचं 'लेटर फ्रॉम अमेरिका' ब्रिटनमध्ये तिसऱ्या नंबरवर गेलं होतं. गाणं देशोधडीला लागलेल्यांचं. हायलँड्समधून, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून, कुळांना हुसकावलं, माणसं बोटीत बसून कॅनडाला गेली. आणि त्याच चालीत पुढे बाथगेट, लिनवुड ही स्कॉटिश गावांची नावं येतात. लिनवुडचा मोटारींचा कारखाना १९८१ मध्ये बंद पडला, बाथगेटचा ट्रकचा १९८६ मध्ये. जमीनदाराने हाकललेले आणि कारखान्याच्या कुलपाने हाकललेले, दोघं एकाच रांगेत. असं लिहिणारे एका गाण्याचे?

बेसूर_बंड्या
मित्र बरोबर बोलला. '५०० माइल्स' १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये ११ वर अडकलं. अमेरिकेत तिसरं यायला १९९३ उजाडलं, तेही 'बेनी अँड जून' सिनेमात वाजलं म्हणून. ही कारकीर्द नव्हे, लॉटरी. शिवाय तो घोळवून घोळवून म्हटलेला 'र'. नाटकी वाटतो मला.

रविवारची_मिसळ
@बंड्या, नाटकी? अहो, नाटक बाकीचे करत होते. माइकसमोर उभे राहिले की अमेरिकन व्हायचे. हे दोघे घरी बोलतात तसे गायले. पहिल्याच अल्बमात 'थ्रो द आर अवे' ('र' फेकून दे) आहे, उच्चार सुधारा म्हणणाऱ्यांसाठी. तुमच्या '५०० माइल्स'मध्येसुद्धा 'हॅव्हर' हा शब्द आहे, म्हणजे बरळणं. निव्वळ स्कॉट्स, तिथली बोली. अमेरिकेवर डोळा असणारा तो ठेवेल?

निम्मा_चहा
नंबरांचं काय घेऊन बसलात! त्यांचं 'सनशाइन ऑन लीथ' हे गाणं ४१ वरच थांबलं होतं. मे २०१६, ग्लासगोचं हॅम्पडेन मैदान: लीथच्या हिबर्नियन फुटबॉल क्लबने रेंजर्सना ३-२ हरवून ११४ वर्षांनी स्कॉटिश कप जिंकला. तो व्हिडिओ बघा. स्कार्फ वर धरून हिबर्नियनचा हिरवा जमाव हे गाणं गातोय. फुटबॉलवाल्यांचं गाणं म्हणजे आरडाओरडा असं मी समजायचो. हे तर संथ, मोडलेलं मन सावरलेल्या माणसाचं कृतज्ञतेचं गाणं आहे.

बेसूर_बंड्या
पाहिला. काटा आला, मान्य. पण एका बंदराचं लाडकं असणं वेगळं. १९९४ च्या अल्बमनंतर थेट २००१! आणि २००७ मध्ये ब्रिटनमध्ये पहिला नंबर मिळाला तो कसा? विनोदी नटांना घेऊन, मदतनिधीसाठी, तेच गाणं पुन्हा म्हणून.

मीठभाकर
सात वर्षं गप्प होते, खरंय. पण परतले त्या अल्बमचं नाव 'पर्सिव्हियर', लीथचं ब्रीदवाक्य. नेट सोडू नका. तेव्हापासून २०२२ च्या 'डेंचर्स आउट'पर्यंत दर दोन-चार वर्षांनी अल्बम आहेच. एकूण बारा. यातले तुम्ही किती ऐकलेत?

रविवारची_मिसळ
आणि गायब म्हणे! २०२३ मध्ये राजा चार्ल्सच्या राज्याभिषेकासाठीच्या गाण्यांच्या अधिकृत यादीतून यांचं गाणं काढावं लागलं, कारण दोघे उघड राजेशाहीविरोधी. गायब झालेल्यांना कोणी यादीतून काढतं का?

बेसूर_बंड्या
कुठलं गाणं काढलं हो? '५०० माइल्स'च ना?