परसात 18 एचपीचा जुना ट्रॅक्टर घालावा काय?

बेळगावजवळच्या येळ्ळूरहून लिहितोय. मामांचा 18 एचपीचा ट्रॅक्टर गोठ्यात पडून होता, चालू केला. घरामागं 4 गुंठे काळी जमीन, मेथी-वांगी लावायचीत. परवा रोटर (ट्रॅक्टरमागचं फिरत्या पात्यांचं, माती भुसभुशीत करायचं अवजार) मारला तर नुसती ढेकळं! त्यात वळताना शेवग्याचं खोड सोललं. काय चुकलं?

उत्तर: वापसा, म्हणजे मशागतीजोगी बेताची ओल, बघितलासा काय? मूठभर माती दाबून खाली टाका, फुटली तरच रोटर घाला. काळी ओली फिरवली की वाळून विटा होतात.

उत्तर: आमची खानापूरकडची तांबडी लवकर वापशाला येते, काळीला थांबावंच लागतं. आणि कडेनं 4-4 हात वळायला सोडा, तिथं कुदळच बरी.

येळ्ळूर: दाबली काका, लाडूच झाला! आठवडाभर थांबतो. शेवग्याला शेणमाती लिंपलीय. आई अजून बोलत नाही.