ऑनलाइन लिलावातली जुनी नाणी: खोटं नाणं आणि खोटं वर्णन कसं ओळखायचं? (सल्ला हवा)

नवखा_संग्राहक

नमस्कार मंडळी. ब्रिटिशकालीन चांदीचे रुपये आणि जमल्यास एखादी शिवराई (शिवछत्रपतींच्या नावाचं तांब्याचं नाणं) घ्यायची आहे. गावात नाण्यांचं दुकान नाही, त्यामुळे ऑनलाइन लिलावांवरच भिस्त. सध्या एकाच विक्रेत्याचे पाच नग बघून ठेवलेत. वर्णन त्याच्याच शब्दांत देतो:

व्हिक्टोरिया रुपया १८६२, "अतिदुर्मिळ". जॉर्ज पंचम १९११, "डुक्कर छाप". जॉर्ज सहावा १९३९, "मुंबई टांकसाळ, लाखात एक". १९४७ चा वाघ छाप रुपया, "शुद्ध चांदी". आणि शिवराई, "राज्याभिषेकाच्या वेळची, १६७४". पाचही घेतले तर १८१८ चं राम दरबाराचं ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं फुकट देतो म्हणतोय.

फोटोत काय बघायचं, विक्रेत्याकडून काय मागायचं आणि पार्सल आल्यावर घरी काय तपासायचं?

तोळामासा

आधी फुकटातल्याचा निकाल लावू. राम दरबार, हनुमान, ओम, कमळ, वर १६१६, १७१७ किंवा १८१८ साल आणि "यूकेएल आणा" असली अक्षरं: ही कंपनीची नाणी नाहीतच. अलीकडे पितळ-तांब्यात पाडलेले शोभेचे बिल्ले आहेत. मद्रासकडच्या कंपनीच्या होनावर (सोन्याच्या नाण्यावर) विष्णू होता हे खरं, पण त्याचा या बिल्ल्यांशी काही संबंध नाही. कोणी तांदूळ ओढून दाखवणारं नाणं म्हणून व्हिडिओ पाठवला तर सरळ ब्लॉक करा, तो फसवणुकीचाच धंदा आहे. जो विक्रेता हा बिल्ला १८१८ चा म्हणून देतो, त्याच्या बाकीच्या पाच वर्णनांवर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा.

१९४७ चा रुपया निकेलचा आहे. त्या सालचे रुपये चांदीचे नव्हतेच. नाणं खरंच असेल, वर्णन खोटं. चुंबक लावा, टपकन चिकटेल. मजा म्हणजे चिकटला नाही तर संशय घ्यायचा.

१८६२ बद्दल: त्या सालाचा छाप पुढे १८७४ पर्यंत वापरला गेला, म्हणून हा व्हिक्टोरियाचा सगळ्यात जास्त सापडणारा रुपया. नाण्यावरच्या ठिपक्यांच्या संख्येनुसार काही प्रकारांना जास्त भाव आहे, पण ते विक्रेत्याने भिंगातून काढलेल्या फोटोत मोजून दाखवले तरच. नुसतं "अतिदुर्मिळ" लिहिलं असेल तर साध्या रुपयाचा भाव द्या.

आपल्याकडे लोक खोट्या नाण्याला घाबरतात. पैसे मात्र बहुतेक वेळा खऱ्या नाण्याच्या खोट्या वर्णनात जातात.

टांकसाळगल्ली

वजनाचे आकडे पाठ करा, निम्मं काम होतं. १८३५ पासून १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के. अर्धा रुपया ५.८३, पावली (पाव रुपया) २.९२, दोन आणे १.४६. व्यास रुपयाला साडेतीस मिलिमीटरच्या थोडा वर. १९४० ते १९४५ चा रुपया त्याच वजनाचा, पण चांदी निम्मीच. बाकी तांबं, निकेल आणि जस्त. म्हणजे जुन्या रुपयात निव्वळ चांदी १०.६९ ग्रॅम आणि १९४० नंतरच्यात ५.८३. दिवसाच्या चांदीच्या भावाने गुणा, नाण्याची तळाची किंमत कळते. १९४४ चा घासलेला रुपया ९१.७ च्या हिशोबाने विकणारे पुष्कळ आहेत.

झिजलेला व्हिक्टोरिया ११.३ ते ११.५ भरला तर ठीक. पण केसांच्या रेषा मोजता येतील इतका ताजा दिसणारा रुपया ११.२ भरत असेल तर तो टांकसाळीतून आलेला नाही. ११.८ भरत असेल तरी नाही. झीज वजन कमी करते, वाढवत नाही.

१९११ चं सोपं आहे. राजाच्या झग्यावरच्या पदकमाळेतला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, बहुतेक नाणी वितळवली गेली आणि १९१२ पासून हत्ती दुरुस्त झाला. म्हणजे १९११ चा प्रत्येक रुपया "डुक्कर छाप"च असतो, त्यासाठी वेगळा भाव मागायचं कारण नाही. तपासायचं ते उलट अर्थाने: साल १९११ आणि हत्तीची सोंड लांब, स्पष्ट असेल तर १९१२ च्या २ चा १ केलेला आहे. छातीवरच्या भागाचा मोठा फोटो मागा.

१९३९ वर सगळ्यात जास्त हातचलाखी होते, कारण खरा दुर्मिळ आणि १९३८ चा सहज मिळतो. ८ चा ९ करताना खालचं वेटोळं डावीकडून कोरून उघडतात. म्हणून शेवटच्या आकड्याच्या खाली डावीकडे बघा: तिथली जमीन आजूबाजूपेक्षा खोल, चकचकीत किंवा उलट खरखरीत दिसते, आणि ९ ची शेपटी आधीच्या ९ शी जुळत नाही. शेजारचा ९ हाच तुमचा नमुना, दोन्ही एकाच हाताने कोरलेले दिसले पाहिजेत. दुसरी पद्धत म्हणजे आकडा वरून चिकटवणं; त्याच्या मुळाशी बारीक काळी रेघ राहते.

आणि काठ बघा. १९३९ चा काठ साधा दातेरी. १९४० पासून काठाच्या मधोमध खाच आणि तिच्यात नक्षी आली.

सराफकट्टा

कडी लावलेल्या रुपयांबद्दल कोणी बोललं नाही. आपल्याकडे रुपये माळेत ओवायचे, ताईत म्हणून घालायचे. कडी काढून, डाख घासून नाणं परत बाजारात येतं. ओळखायचं असं: मुकुटाच्या वर, घड्याळातल्या बाराच्या जागी काठाचे दाते सपाट, तिथे धातूचा रंग थोडा पिवळट किंवा करडा, आणि किनारीचे मणी वितळल्यासारखे. विक्रेते फोटोत नेमकी ती जागा बोटाने झाकतात किंवा नाणं पाकिटात असताना काढतात. म्हणून चार फोटो मागायचे: दोन्ही बाजू सरळ, एक तिरप्या उजेडात, आणि काठाचा पूर्ण फेरा दाखवणारा दहा सेकंदांचा व्हिडिओ. काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा फोटो पाचवा. काठ दाखवायला कुरकुर करणाऱ्याकडून महाग नाणं घेऊ नये.

दुसरी गोष्ट धुलाई. चिंच, रांगोळी, भांड्यांची पावडर, नाहीतर सोडा आणि ॲल्युमिनियमची फॉइल. वर्णनात लिहितात "चमकदार, नवंकोरं". खऱ्या कोऱ्या नाण्यावर उजेड फिरवला की चमक चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. घासलेल्यावर ती जागची हलत नाही, आणि तिरप्या उजेडात एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसतात. चेहरा पांढराफेक आणि अक्षरांच्या खाचांत काळं, हेही धुलाईचंच लक्षण. असं नाणं खरं असतं, फक्त संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत चांदीच्या भावाच्या जवळपास येते.

दुदांडी

शिवराईचं मी सांगतो. "राज्याभिषेकाच्या वेळची" हे वर्णन दिसलं की पुढे वाचायचं ते फक्त करमणूक म्हणून. शिवराईवर साल नसतं. एका बाजूला तीन ओळींत "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्र पति". हाच मजकूर छत्रपतींच्या नंतर, पेशवाईभर आणि कंपनीच्या अमलाच्या सुरुवातीच्या काळातही तांब्यावर उमटत राहिला. आज बाजारात ज्या ढिगाने मिळतात त्या बहुतेक उत्तर काळातल्या, त्यातही दोन आडव्या रेघांच्या दुदांडी. त्या शंभर टक्के खऱ्या आहेत आणि घ्याव्यातही, पण त्यांच्या भावात. अक्षरांच्या वळणावरून आणि शि, शी, सी असल्या लेखनभेदांवरून जाणकार काळ ठरवतात. एका अंधुक फोटोवरून कोणी १६७४ सांगत असेल तर तो विकायला बसलाय.

खोटी शिवराई ओळखायला एक खूण पुष्कळ कामी येते. खऱ्या नाण्यात ठसा तांब्याच्या तुकड्यापेक्षा मोठा असायचा. त्यामुळे सगळी अक्षरं आणि ठिपक्यांचं पूर्ण कडं एकाच नाण्यावर क्वचित मावतं. कुठे "श्री" अर्धी कापलेली, कुठे कडं एकाच बाजूला. गोल गरगरीत तुकडा, मधोमध बसलेला मजकूर, चारी बाजूंनी सारखे ठिपके, अशी "सुंदर" शिवराई दिसली तर ती शोकेससाठी बनवलेली. काठ बघा: ओतीव नाण्याच्या काठावर जोडाची रेघ किंवा ती घालवायला मारलेली कानस, आणि पृष्ठभागावर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रं. अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारख्या गुळगुळीत.

हिरवा थर रंगवलेला असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये तासभर ठेवा (नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि सुगंध असतो, खिडकी उघडी, गॅस बंद). रंग आणि चिकटवलेली माती सुटते, जमिनीत मुरलेला खरा थर राहतो.

सोन्याच्या शिवराई होनाचं नावही काढू नका. खरा पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, आणि इतका दुर्मिळ की तो ॲपवर तीन हजारांत येत नाही. येतो तो मुलामा दिलेला पितळेचा.

नवखा_संग्राहक

सगळ्यांचे आभार. चांदी घरी कशी तपासायची? ॲसिड वापरायचं नाहीये.

तोळामासा

ॲसिड नकोच, डाग कायमचा राहतो. दगडावर घासणंही नको. ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा काही शे रुपयांत मिळतो, सोबत १०० ग्रॅमचं वजन घ्या आणि प्रत्येक वेळी आधी ते ठेवून काटा तपासा.

नाणं कोरडं तोला, आकडा लिहा. मग काट्यावर पाण्याचा छोटा ग्लास ठेवून शून्य करा. बारीक दोऱ्याने नाणं बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा काचेला टेकवू नका. काट्यावर आता जो आकडा येतो त्याने कोरड्या वजनाला भागा, घनता मिळते. ११.६६ च्या जुन्या रुपयाला १.१३ च्या आसपास दिसायला हवं, म्हणजे घनता १०.३. निम्म्या चांदीच्याला १.२२, म्हणजे साडेनऊ. मुलामा दिलेलं पितळ किंवा जर्मन सिल्व्हर असेल तर १.३१ च्या वरच जातं.

चुकतं ते बुडबुड्यांमुळे. अक्षरांना आणि दात्यांना हवा चिकटते, घनता खोटीच कमी येते आणि खरं नाणं बाद होतं. पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका, मऊ ब्रशने नाणं ओलं करून मगच बुडवा. तीनदा मोजा. पावली किंवा दोन आण्यांवर हा काटा भरवशाचा नाही: पावलीचं उत्तर ०.२८ येतं, त्यात शंभरांश इकडेतिकडे झालं की घनता दहाच्या आसपास किंवा पावणेअकराच्या जवळ दिसते. लहान नाण्यांना हजारांश दाखवणारा काटा लागतो.

आणि चांदी बरोबर निघाली म्हणजे नाणं खरं असं नाही. जहांगीरच्या राशीच्या नाण्यांच्या नकला सोनारांनी चांगल्या धातूत केलेल्या आहेत, आणि १९३८ चा कोरून १९३९ केलेला रुपयाही ९१.७ टक्केच भरतो.

टांकसाळगल्ली

फोटोबद्दल एक राहिलं. त्याच सालाची विकली गेलेली दहा-बारा नाणी शोधून फोटो शेजारी लावा. राजाच्या गालावर एक ओरखडा आणि नेमक्या त्याच जागी दुसऱ्या "वेगळ्या" नाण्यावरही तोच ओरखडा, म्हणजे एकतर फोटो चोरलेला, नाहीतर दोन्ही एकाच नमुन्यावरून बनवलेली. वापरात पडलेले ओरखडे दोन नाण्यांवर सारखे येत नाहीत.

प्लास्टिकच्या डबीतल्या नाण्याला भुलू नका. एनजीसी किंवा पीसीजीएस (नाणी तपासून, दर्जा ठरवून डबीबंद करणाऱ्या कंपन्या) यांचा क्रमांक त्यांच्या साइटवर टाका, आणि तिथे फोटो असेल तर ओरखडे जुळवा. नुसता क्रमांक खरा असून भागत नाही, कारण डब्यांच्याही नकला होतात. "डिटेल्स" असा शेरा असेल तर नाणं धुतलेलं किंवा दुखावलेलं आहे, विक्रेता तो शब्द गाळून फक्त बाकीचा दर्जा लिहितो.

पैसे प्लॅटफॉर्मवरूनच द्या. पार्सल फोडतानाचा व्हिडिओ लेबलपासून काट्यापर्यंत न थांबवता काढा.

बे_एरियातून

इथूनच विचारतो: भारतातल्या लिलावातून अमेरिकेत मागवता येईल का?

सराफकट्टा

शंभर वर्षांवरची नाणी नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात ती देशाबाहेर पाठवायला बंदी आहे, "बटणं" लिहून पाठवतो म्हणणारा तुम्हाला अडचणीत आणेल. १८६२, १९११ आणि शिवराई त्यात येतात, १९३९ येत नाही. तिकडच्याच लिलावांत बघा.

ता. क. तुमच्या घरचं नाणं लाखांत विकून देतो, आधी रिझर्व्ह बँकेचं शुल्क भरा, असे फोनही येतात. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केलंय की ती असल्या व्यवहारात नाही आणि कसलंही शुल्क घेत नाही. वैष्णोदेवीचं पाच-दहा रुपयांचं नाणं घेऊन बसलेल्या नातेवाइकांनाही कळवा.

नवखा_संग्राहक

विक्रेत्याने १९३९ चा काठ पाठवला. वजन ११.६२. काठाच्या मधोमध खाच आहे, आत बारीक नक्षी. बाकी नाणं फोटोत छान दिसतंय.

टांकसाळगल्ली

मग तो काठ १९४० नंतरच्या रुपयाचा. एकतर दर्शनी फोटो दुसऱ्याच नाण्याचा आहे, नाहीतर साल बनवलेलं आहे. साल आणि काठ एकाच फ्रेममध्ये येईल असा तिरपा फोटो मागून बघा, बहुतेक उत्तर येणार नाही. १८६२ चा घ्यायचा असेल तर तो मात्र दुसऱ्या विक्रेत्याकडून घ्या, चांदीच्या भावाच्या थोडा वर.