सुपरकूल्ड पाण्याला मराठीत काय म्हणावं?

रावपुरावाली
इथल्या, बडोद्याच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ध्रुवाकडच्या ढगांवरचा एक लेख मराठीत करतेय आणि घोडं एकाच शब्दावर अडलंय. शून्याच्या खाली जाऊनही पातळच राहिलेलं पाणी. मी 'अतिशीत पाणी' लिहिलं, तर मुद्रितं तपासणाऱ्या काकांनी ते खोडून 'बर्फ' केलं. म्हणाले, उणे 20 अंशाला पाणी कसलं? अहो, अख्खा लेख त्या पाण्यावरच उभा आहे! थेंबाला गोठायला धुळीसारखा एखादा कण लागतो आणि तिकडच्या स्वच्छ हवेत असे कण फार कमी. कण मिळाला नाही तर बारीक थेंब उणे 38 च्या आसपासपर्यंत तग धरतो. हवामानाची बरीच प्रारूपं (संगणकावरची मॉडेलं) मात्र त्याचा बर्फ फार लवकर करून टाकतात. बर्फाचे कण थोडे आणि मोठे, ते खाली पडून जातात, ढग विरळ होतो, आणि गणितात दक्षिण महासागरावर प्रत्यक्षापेक्षा जास्त ऊन पोचतं. सुचवा काहीतरी.

मांडवीचा_मोरू
काकांनी 'बर्फ' केलं ते चूकच, पण 'अतिशीत'ही नको. उणे 50 चा बर्फसुद्धा अतिशीतच की. 'अतिशीतित' घ्या. थंड करत करत गोठणबिंदूच्या खाली नेलेलं, हा अर्थ त्या शेवटच्या 'त'मध्ये आहे.

सुरसागर
तो 'त' वाचकाच्या लक्षात यायचा नाही, छपाईतली चूक वाटेल. सरळ 'न थिजलेलं पाणी' लिहा, ताई.

सदाशिव_पेठ
पाणी थिजत नाही, गोठतं. थिजतं ते तूप. बडोद्याच्या मराठीत गुजराती किती मुरलंय ते यातून दिसतं. छापील लेखात हे नको.

सुरसागर
आमच्या घरी आजीपासून सगळे 'बर्फ थिजला का?' असंच विचारत आले. गुजरातीत पाण्यालाही 'थीजवुं' म्हणतात, हे खरंच आहे. पण शेजाऱ्याच्या तोंडी आहे म्हणून शब्द परका होत नाही. भीतीनं माणूस थिजतो हे पुण्यातही चालतं ना? संस्कृतात 'स्त्यान' म्हणजे घट्ट झालेलं; थिजणं त्याच कुळातलं, असं मी मानतो. आणि शब्द घडवताना शेजारी काय म्हणतो ते आधी पाहावं, ही तर बडोद्याची जुनी रीत. 1931 च्या सयाजीशासनशब्दकल्पतरू या कोशात कारभारातल्या इंग्रजी शब्दांपुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली असे पर्याय शेजारी शेजारी मांडलेत.

सदाशिव_पेठ
त्यात प्रत्येक भाषेचा रकाना वेगळा ठेवलाय, हेही लक्षात घ्या. माझं म्हणणं तेवढंच आहे.

भौतिकी_निवृत्त
शब्दाआधी क्रिया पाहू. गाळलेल्या पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये न हलवता ठेवा. कधी कधी ती शून्याखाली जाऊनही पाणीच राहते. बाहेर काढून टेबलावर ठक्कन आपटली की वरून खाली पांढऱ्या सुया धावत जातात आणि दोन-चार क्षणांत सगळा लगदा होतो. हे पाणी गोठायचं थांबलेलं आहे, त्याला निमित्त मिळालेलं नाही. म्हणून 'गोठू न शकलेलं' हा अर्थ शब्दात यायलाच हवा. ढगात जो कण हे निमित्त पुरवतो त्याला मी वर्गात 'विरजण' म्हणायचो. मुलांना एका दमात कळायचं.

मांडवीचा_मोरू
सर, विरजण जिवंत असतं, दुधात वाढतं. धूळ वाढत नाही. 'हिमकेंद्रक' म्हणा.

भौतिकी_निवृत्त
धूळ वाढत नाही, पण बर्फ वाढतो, आणि थेंबांच्या जिवावर वाढतो. बर्फालगतचा संपृक्त बाष्पदाब, म्हणजे हवा वाफेनं पुरती भरल्यावरचा वाफेचा दाब, पाण्यालगतच्या दाबापेक्षा कमी असतो. त्यामुळे वाफ बर्फाकडे ओढली जाते आणि शेजारचे थेंब सुकतात. वेगेनर, बर्गेरॉन आणि फिंडआयसेन यांच्या नावानं ही क्रिया ओळखली जाते. प्रारूप हवेच्या चौकटी पाडून गणित करतं, आणि त्याची एक चौकट कित्येक किलोमीटरची. तिच्यात बर्फ आणि थेंब सगळीकडे सारखे मिसळलेत असं धरलं की सगळे थेंब झपाट्यानं संपतात. प्रत्यक्षात पाण्याचे आणि बर्फाचे पट्टे वेगवेगळे असतात, म्हणून असा ढग दिवसचे दिवस टिकतो. 1997-98 मध्ये ब्यूफोर्ट समुद्रावर बर्फात जहाज अडकवून शास्त्रज्ञांनी वर्षभर मोजमापं केली, तेव्हा उणे 30 च्या खालीही ढगांत पातळ पाणी सापडलं. ध्रुवीय रात्रीत ऊन नसतं. तिथे हाच पातळ ढग खालच्या बर्फाला उष्णता परत पाठवतो. तो चुकला तर जमिनीलगतचं तापमानही चुकतं.

रावपुरावाली
सर, 'जिवावर वाढतो' हे लेखात घेतेय. पण पाण्याला काय म्हणू?

सुरसागर
'अगोठ पाणी'? अबोल, अढळ, तसं.

सदाशिव_पेठ
'अगोठ' ऐकून मला गोठा आठवतो. आणि सर, 'वाढतो' का? आमच्याकडे ते बर्फ. बर्फ वितळलं, बर्फ पडलं.

सुरसागर
बडोद्यात तो बर्फ. बर्फ वितळला. यात मी हटणार नाही.

मांडवीचा_मोरू
नागपूरच्या मामांकडेही 'तो बर्फ'च ऐकलाय. कोकणातलं कुणी आहे का इथे?