मदत हवी आहे: दुहेरी काचेच्या खिडक्यांची हँडलं बदलायची आहेत, नेमकं काय मोजून न्यायचं?

राजेंद्रनगरची सून, इंदूर

नमस्कार मंडळी,

आमचं घर इंदूरला राजेंद्रनगरात, ए. बी. रोडपासून फार लांब नाही. २०१४ मध्ये रस्त्याकडच्या सहा लाकडी खिडक्या काढून तिथे पांढऱ्या यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या), दुहेरी काचेच्या खिडक्या बसवल्या. सासरे तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते आणि ट्रकांच्या हॉर्नने त्यांचा डोळ्याला डोळा लागत नसे. खिडक्या बसल्या त्या रात्री ते उजाडेपर्यंत झोपले. आता ते नाहीत, पण त्या खिडक्यांवर घरातल्या सगळ्यांचा जीव आहे. म्हणून "सगळंच बदलून टाका" असं कृपया सांगू नका. ते मी दोन ठिकाणी ऐकून आलेय.

अडचण हँडलांची आहे. सहापैकी दोन तुटली, तिसरं नुसतंच फिरतं. पल्ले बाहेर उघडणारे, आतून लोखंडी ग्रिल, त्यामुळे गजांमधून हात घालून हँडल फिरवावं लागतं. गेल्या महिन्यात सासूबाईंच्या खोलीतलं हँडल त्यांच्या हातातच आलं. मूठ जिथे मानेपाशी वळते तिथे तुटलं. वरून पांढरा रंग आणि आत करडा, खडीसाखर फोडल्यासारखा दाणेदार धातू. त्या ७६ वर्षांच्या आहेत, बोटांचे सांधे सुजलेले असतात. पहाटे उठलं की आधी ती खिडकी उघडायची आणि ग्रिलमधूनच बाहेरच्या कठड्यावरच्या तुळशीला पाणी घालायचं, हा त्यांचा कितीतरी वर्षांचा नेम. सध्या तो पल्ला आम्ही सुतळीने ग्रिलला बांधून ठेवलाय. बोटभर फट राहते आणि तेवढ्या फटीतून रस्त्याचा सगळा आवाज पुन्हा आत येतो.

ज्यांनी खिडक्या बसवल्या त्यांचं दुकान केव्हाच बंद झालं. मग तुटलेलं हँडल पिशवीत घालून सियागंजात गेले. पहिल्या दुकानात अगदी तसंच दिसणारं मिळालं. घरी लावलं, स्क्रूची भोकं बरोबर जुळली, पण मागची चौकोनी दांडी आखूड निघाली. हँडल फिरतं, खिडकी बंद होत नाही. दुसऱ्या खेपेला दांडी लांब बघून आणलं, तर मूठ उलट्या बाजूला वाकलेली. उघडताना गजावर आपटते. दोन्ही परत घेतली नाहीत.

आता तिसऱ्यांदा चुकायचं नाहीये. दुकानात जाण्याआधी कोणती मापं घ्यायची? याहून मजबूत धातूचं मिळतं का? सासूबाईंना कमी जोर लागेल असं काही असतं का? मुलगा चार वर्षांचा आहे, तर किल्लीचं हँडल घ्यावं का? आणि एक गोष्ट कदाचित संबंधित असेल, कदाचित नसेल: मे महिन्यात दुपारी सगळीच हँडलं जड जातात, सकाळी तीच बरी फिरतात.

कानस-करवत, बडोदा

ताई, मी मकरपुऱ्यात खिडक्याच बनवतो, सतरा वर्षं झाली. तुटलेलं हँडल फेकलं नसेल तर निम्मं काम झालंय.

चौकोनी दांडी आहे म्हणजे तुमची खिडकी गिअरवाली. दांडी पल्ल्याच्या आत असलेला गिअर फिरवते आणि गिअर वरखाली पट्टी सरकवून दोन-तीन जागी पल्ला चौकटीवर ओढून धरतो. याला स्पिंडलचं हँडल म्हणा, दुकानात कळेल. ॲल्युमिनियमच्या खिडक्यांना बऱ्याचदा दांडीऐवजी मागे दोन दात असलेलं हँडल येतं. ते दिसायला सारखंच असतं, तुमच्याकडे चालणार नाही.

दोन स्क्रूंच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर बहुतेक ४३ मिलिमीटर भरेल. युरोपातून आलेलं हे माप इथेही सर्रास चालतं. दांडी बहुतेक ७ मिलिमीटर चौरस. ही दोन मापं बहुतेक ठिकाणी सारखी असल्यामुळेच माणूस फसतो, भोकं जुळली म्हणजे हँडल जुळलं असं वाटतं. खरं माप दांडीच्या लांबीचं. हँडल उपडं धरा आणि बैठकीच्या सपाट पाठीपासून दांडीच्या टोकापर्यंत मोजा. बैठकीच्या आत गेलेला भाग मोजायचा नाही. जमलं तर वर्निअर घ्या, शिवणकामाच्या टेपने दोन-तीन मिलिमीटरचा घोळ होतो. अगदी तेवढंच मिळालं नाही तर जरा लांब घ्या. लांब दांडी हॅकसॉने कापून कानशीने टोक साफ करता येतं, आखूड दांडीला इलाज नाही. स्क्रूही जुन्याच लांबीचे हवेत. जास्त लांब स्क्रू आत गिअरला किंवा काचेच्या कडेला जाऊन टेकू शकतो.

आता ग्रिल. पल्ला बंद असताना पल्ल्यापासून गजापर्यंत किती जागा आहे ते मोजा आणि नवं हँडल बैठकीपासून किती पुढे येतं ते त्यात बसतंय का बघा. वाकलेल्या मुठीचं हँडल डावं-उजवं असतं, पण कोणता दुकानदार कशाला डावं म्हणेल याचा नेम नाही. आतून उभं राहून बंद खिडकीचा एक फोटो काढा, उघड्या स्थितीतला एक, आणि तेच दाखवा.

हे झालं माप. पण मला खरी काळजी वेगळी आहे. ७६ वर्षांच्या बाईच्या हाताने हँडलची मान तुटते म्हणजे त्या हँडलला बरेच दिवस जोर लावावा लागत होता. नवं बसवाल, तेही तुटेल. आधी एक करून बघा. पल्ला पूर्ण उघडा आणि उघडा असतानाच हँडल फिरवा. मग बंद करून फिरवा. दोन्हीत फरक जाणवतो का ते सांगा. तुटलेल्या खिडकीला दुसऱ्या खिडकीचं चांगलं हँडल तेवढ्यापुरतं लावा.

जे नुसतं फिरतं, तिथेही चांगलं हँडल लावून बघा. खिडकी चालली तर हँडलच गेलंय. तेही तसंच फिरलं तर आतला गिअर गेलाय.

लष्करातली, ग्वाल्हेर

किल्लीबद्दल सांगते. आमच्याकडे मुलांसाठी म्हणून सगळीकडे किल्लीची हँडलं घेतली. किल्ली कुठेतरी पडली आणि ऐन उन्हाळ्यात एक खोली पंधरा दिवस बंद खिडकीची राहिली. तुमच्याकडे ग्रिल आहे, मूल बाहेर पडण्याची भीती नाही. ज्या खिडकीला ग्रिल नाही फक्त तिथेच किल्लीचं घ्या, आणि किल्ली त्याच खिडकीजवळ मोठ्यांच्या हाताला येईल अशा उंचीवर खिळ्याला टांगा. आग लागली, धूर झाला तर किल्ली शोधायला वेळ मिळत नाही.

सासूबाईंना नमस्कार सांगा. माझ्या आईचाही तुळशीचा असाच नेम होता.

राजेंद्रनगरची सून, इंदूर

दादा, तुम्ही इतक्या आपुलकीने लिहिलंत, खूप आभार. काल नवऱ्याने ऑफिसमधून वर्निअर आणलं आणि आम्ही दोघांनी सगळं मोजलं.

स्क्रूंमधलं अंतर ४३, दांडी ७ चौरस, लांबी ३७. सियागंजातून आधी आणलेलं २५ होतं, म्हणजे बारा मिलिमीटर कमी! पल्ला ते गज ६२ मिलिमीटर. जुनं हँडल ४८ पुढे येतं, मुठीची लांबी साडेअकरा सेंटीमीटर.

स्वयंपाकघरातलं चांगलं हँडल काढून सासूबाईंच्या खिडकीला लावलं. बैठकीवरची प्लास्टिकची टोपी जरा उचलून आडवी फिरवली की खाली दोन स्क्रू दिसतात, हे आम्हाला माहीतच नव्हतं. पल्ला उघडा असताना हँडल लोण्यासारखं फिरलं. बंद करून फिरवलं तर शेवटच्या टप्प्यात अडलं, मला दोन्ही हात लावावे लागले. मग नवरा टॉर्च घेऊन खाली वाकला. हँडलच्या बाजूचा पल्ल्याचा खालचा कोपरा चौकटीवर घासतोय. तिथे पांढऱ्या प्लास्टिकवर काळी रेघ उमटलीय, बोटाने पुसली तरी जात नाही.

जे नुसतं फिरतं, तिथे चांगलं हँडल लावूनही तेच. म्हणजे तिथला गिअर गेला ना?

किल्लीचं तुमचं पटलं, ताई. आमच्या सगळ्या खिडक्यांना ग्रिल आहे, नकोच ते.

कानस-करवत, बडोदा

हो, तिथे गिअर गेला. त्याचं नंतर बघू.

सासूबाईंच्या खिडकीचा पल्ला खाली बसलाय. दुहेरी काचेचं वजन लोकांच्या लक्षात येत नाही. काचेच्या दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. तुमचा पल्ला दोन बाय चार फुटांच्या आसपास असेल आणि पाच-पाचच्या दोन काचा असतील, तर नुसती काचच अठरा किलोच्या घरात जाते. ते वजन बिजागरीच्या बाजूने एकटं लटकतं. ते पेलावं म्हणून काचेच्या कडेला प्लास्टिकच्या पट्ट्या ठोकतात, त्याला आम्ही पॅकिंग म्हणतो. बिजागरीच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात एक, त्याच्या समोरच्या वरच्या कोपऱ्यात दुसरी. जुन्या लाकडी फाटकाला तिरपी पट्टी मारतात ना, तसं. काच तिरकी आधार देते आणि पल्ल्याचा कोपरा उचलून धरते. बसवताना पट्टी घातली नसेल किंवा सरकली असेल तर दहा वर्षांत पल्ला उतरतो. मग गिअरच्या पट्टीवरचे रोलर चौकटीतल्या खाचेत सरळ जात नाहीत, आणि माणूस हँडलवर जोर काढतो.

मे महिन्याचं तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. यूपीव्हीसी उन्हात वाढतं. मीटरभर लांबीला दर अंशामागे साधारण ०.०७ मिलिमीटर. सव्वा मीटरचा पल्ला तीस अंशांनी तापला तर हिशेबाने अडीच मिलिमीटर होतात, आत स्टीलची पट्टी असते म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी. चांगल्या बसवलेल्या खिडकीत तेवढी जागा ठेवलेली असते. उतरलेल्या पल्ल्याला ती उरत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी पॅकिंग, मग हँडल. पॅकिंगसाठी काचेभोवतीची पट्टी काढावी लागते, ते घरी करू नका. दुहेरी काचेचा कोपरा एकदा टवका उडून फुटला तर आतली हवाबंद जागा गेली, मग पावसाळ्यात दोन काचांच्या मध्ये धुकं धरतं आणि ते पुसता येत नाही. सांवेर रोडला खिडक्या बनवणारे आहेत, त्यांच्यातला एखादा कारागीर तासाभरात करून देईल. त्याला बिजागऱ्याही तपासायला सांगा, त्या झिजल्या असतील तर नुसत्या पॅकिंगने भागणार नाही.

धातूचं म्हणाल तर बाजारातली बहुतेक हँडलं जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात ओतलेली असतात. तुमच्या तुटलेल्या जागेचे दाणे त्याचेच. ती वाईट नसतात, फक्त मानेपाशी भरीव हवीत. हातात धरून वजन बघा. स्टेनलेस स्टीलसाठी दुप्पट पैसे घालायची इंदूरला गरज नाही. ती गरज मुंबई-सुरतेला, खाऱ्या हवेत. तुमचा शत्रू धूळ आहे. वर्षातून दोनदा रोलर आणि पट्टी ब्रशने साफ करून सिलिकॉन स्प्रे मारा. खोबरेल किंवा मोहरीचं तेल अजिबात नको, धूळ बसून त्याचा चिकट लगदा होतो.

आणि सासूबाईंसाठी मूठ लांब घ्या. साडेअकराऐवजी चौदा सेंटीमीटरची मिळाली तर त्याच कामाला जवळपास पाचव्या हिश्शाने कमी जोर लागतो. मूठ जाड आणि कडा गोल असू द्या. सुजलेल्या बोटांना पातळ कडेची मूठ फार दुखवते. माझ्या वडिलांच्या खोलीत मी हेच केलंय, ते बोटं न मिटता तळहाताने ढकलून फिरवतात.

राजेंद्रनगरची सून, इंदूर

झालं काम! लिहायला उशीर झाला, रागवू नका.

रविवारी कारागीर आला. काचेची पट्टी काढली तर खालच्या कोपऱ्यातलं पॅकिंग सरकून मधोमध येऊन पडलेलं, वरच्या कोपऱ्यात काहीच नव्हतं. त्याने लाकडी चपट्या पट्टीने काच हळूच तोलली आणि दोन्हीकडे निळे तुकडे सरकवले. आमच्या डोळ्यांदेखत पल्ल्याचा कोपरा वर आला. बिजागऱ्या ठीक आहेत म्हणाला. तेव्हाच बाकीच्या खिडक्याही बघून घेतल्या, आणखी एकीचं पॅकिंग करावं लागलं. ज्या दोघींची हँडलं तुटली त्याच या दोघी.

हँडलं पुन्हा सियागंजातूनच घेतली. या वेळी फोटो आणि मापांचा कागद काउंटरवर ठेवला, दुकानदाराने मुकाट्याने मागच्या खोलीतून दुसरा डबा आणला. ४० ची दांडी मिळाली, नवऱ्याने तीन मिलिमीटर कापली. मूठ चौदाची, गोलसर, ५० पुढे येते, म्हणजे गजापर्यंत बारा मिलिमीटर शिल्लक. सासूबाईंची बोटं त्यात अडकत नाहीत हे आधी पुठ्ठ्याचा तुकडा लावून बघितलं होतं.

काल पहाटे मी चहा ठेवत होते तेव्हा खिडकी उघडल्याचा आवाज आला. जाऊन बघितलं तर त्या तांब्या घेऊन उभ्या, हात ग्रिलमधून बाहेर. "तळहातानंच फिरतंय गं," एवढंच म्हणाल्या.

दादा, आता ती गिअर गेलेली खिडकी राहिली. कारागिराने गिअर काढून दिलाय. पट्टी १००० मिलिमीटर लांब आहे, आणि पट्टीच्या पुढच्या कडेपासून चौकोनी भोकाच्या मध्यापर्यंत २० भरतात. इंदूरला दोन ठिकाणी विचारलं, दोघांकडे २५ चाच आहे. तो चालेल का?

कानस-करवत, बडोदा

नाही चालणार. पाच मिलिमीटरने हँडलची जागाच सरकेल आणि जुन्या भोकांशी जुळणार नाही. २० चा माझ्याकडे पडलेला असेल, उद्या कारखान्यात बघतो. गिअरचा दोन्ही टोकांचा आणि मधला असे तीन फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून निरोपात पाठवा. रोलर किती आहेत आणि कुठे आहेत तेही त्यात दिसू द्या.