कपाटाचं दार वरून पुढे आलंय, बदलावं की सरळ होईल?

माहीमची खिडकी
बेडरूमच्या कपाटाचं ७ फुटी शटर, रुंदी १८ इंच, १९ मिमी कमर्शियल प्लाय. बाहेरून १ मिमी सनमायका, आतून नुसता प्रायमर आणि रंग. ऑटो हिंज (आपोआप बंद होणारी बिजागरी) तीन. जुलैपासून हँडलच्या बाजूचा वरचा कोपरा ६ मिमी पुढे राहतो, खालचा मात्र नीट टेकतो. सुतार म्हणतो, नवीन दार करा. खरंच गरज आहे का?

रंधा
आधी बाक (दार लांबीत वाकलंय) आहे की पीळ (एक कोपरा मुरडलाय) ते ठरवा. दार उतरवून उभ्या कडेला वरपासून खालपर्यंत दोरा ताणा. मध्ये फट दिसली तर बाक. मग दोन्ही कर्णांवर दोरे ताणा. फुलीवर एकमेकांना टेकले नाहीत किंवा एक दुसऱ्याला दाबत असेल तर पीळ. दोन्ही परीक्षांत दार पास झालं, तर दोष कपाटाचा. खोक्याला ओळंबा लावा आणि मागे पाचर मारा.

कारण उघड आहे. पावसाळ्यात मुंबईची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. ओल आतल्या रंगातून शिरते आणि ती बाजू फुगते. बाहेरची बाजू सनमायका धरून ठेवतो. मग टोकं बाहेरच वळणार.

पटाशी
आत्ता घाईने आतून सनमायका चिकटवू नका, ओल आत कोंडेल आणि बाक कायमचा होईल. ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत थांबा, बराचसा बाक आपोआप जातो. तोवर वरचं हिंज दार आत-बाहेर सरकवणाऱ्या (डेप्थच्या) स्क्रूने दीड-दोन मिमी आत घ्या, खालचं तेवढंच बाहेर. हा उपाय पिळावर चालतो. शुद्ध बाक असेल तर वर-खाली मॅग्नेट कॅच लावून भागवा.

दार सुकल्यावर आतून बाहेरच्याच जाडीचा सनमायका लावा. आत ०.८ मिमीचा लायनर (पातळ सनमायका) लावून पैसे वाचवायला गेलात तर ओढ पुन्हा असमान. वरची-खालची कड सील करायला विसरू नका. ती दिसत नाही म्हणून सगळे सुतार ती कोरीच सोडतात!

रंधा
सुकूनही ३-४ मिमी बाक उरला तर डोअर स्ट्रेटनर, म्हणजे दार ओढून सरळ करणारी सळई. नागदेवी स्ट्रीटला हार्डवेअरवाल्यांकडे विचारा. दाराच्या मागे, हँडलच्या कडेजवळ उभी खाच पाडून सळई बसते. अ‍ॅलन कीने पाव फेरा, एक दिवस थांबायचं, मग पुढचा पाव. एका दमात आवळलं तर प्लाय फाटते. एमडीएफचं दार असतं तर या भानगडीत पडू नका म्हटलं असतं. ते एकदा फुगलं की गेलं.

माहीमची खिडकी
वजन ठेवून सरळ होतं का? आणि उन्हात?

पटाशी
अख्ख्या लाकडाच्या दाराला होतं. फुगीर बाजू वर, दोन्ही टोकांखाली रिपा (लाकडी पट्ट्या), मध्ये २० किलो, आठवडाभर. ऊनही त्याच बाजूला. सनमायका लावलेल्या प्लायला फारसा फरक पडत नाही, वजन काढलं की परत येतं. कडक उन्हात सनमायकाचा गोंद सुटतो तो वेगळाच.

नवीन केलंच तर ब्लॉकबोर्ड (आत लाकडी पट्ट्या असलेला बोर्ड) घ्या, आतल्या पट्ट्या दाराच्या लांबीच्या दिशेने. आणि ७ फुटाला तीन हिंज कमी आहेत, चार तरी हवीत. जड असेल तर पाच.