मदत हवी आहे: विद्यार्थिनीचा परिषदेसाठीचा शेंगेन व्हिसा नाकारला, पुन्हा अर्ज कसा करावा?

गंगापूररोड (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. व्हिसा माझ्या विद्यार्थिनीचा आहे, पण गाइड म्हणून प्रश्न माझाच झालाय.

मी नाशिकच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. ती निफाड तालुक्यातली, घरची द्राक्षबाग, पीएच.डी.चं तिसरं वर्ष. विषय द्राक्षावरचा केवडा, म्हणजे प्लाझ्मोपारा व्हिटिकोला या बुरशीसारख्या जीवामुळे होणारा रोग. ज्या रोगापायी एका पावसाळी ऑक्टोबरात घरचा अर्धा बाग गेला, त्यावरच तिने काम करायचं ठरवलं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात युरोपात वनस्पतिरोगांवर परिषद आहे. तिच्या कामाला पोस्टर नव्हे, तोंडी सादरीकरण मिळालं. आमच्या विभागातून आजवर कुणीही परदेशात आपलं काम मांडायला गेलेलं नाही.

आणि शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा, नाकारला गेला. पत्रात दोन चौकटींवर खूण आहे. एक, प्रवासाचा हेतू आणि मुक्कामाचा तपशील पटेल असा दिलेला नाही. दुसरी, मुदत संपण्याआधी परत जाईल याबद्दल रास्त शंका आहे. दोन दिवस पोर प्रयोगशाळेत फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि काही न बोलता सूक्ष्मदर्शकापाशी बसली.

काय चुकलं ते आता कळतंय. कागदपत्रांसाठी आम्ही एका एजंटाकडे गेलो होतो. "कॉन्फरन्स लिहिलं की कागद वाढतात, टुरिस्ट सोपं पडतं," म्हणून त्याने हेतूच्या रकान्यात पर्यटन टाकलं आणि खाली परिषदेचं निमंत्रण जोडलं. मी अर्ज वाचला तो नकार आल्यावर. माझं शिफारसपत्रही दोन ओळींचं होतं, त्याची रुखरुख जात नाही.

पैशांचं चित्रही विचित्र दिसतं. अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) चार-पाच महिन्यांची एकदम जमा होते. वडिलांच्या खात्यात मार्च-एप्रिलमध्ये माल गेला की मोठी रक्कम येते, मग सोसायटीचं कर्ज आणि औषध-खतांच्या दुकानाची उधारी फिटते की खातं रिकामं. आयकर विवरणपत्र नाही, कारण शेतीच्या उत्पन्नावर आयकरच नाही. नोकरदाराची पगारचिठ्ठी बघायची सवय असलेल्या अधिकाऱ्याला हे कसं समजवायचं?

हातात नऊ आठवडे आहेत. अपील करावं की नवा अर्ज? आधीचा नकार स्वतःहून सांगावा का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

पुणे_लॅब

मॅडम, नवा अर्ज करा. अपील त्या-त्या देशाच्या कायद्यानुसार चालतं, महिने जातात, परिषद निघून जाईल. हेतू चुकीचा लिहिलेला असताना अपिलात भांडायला मुद्दाही राहत नाही.

वेळ आहे, पण सैल नाही. प्रवासाआधी सहा महिन्यांपासून 15 दिवसांपर्यंत अर्ज घेतात. निर्णयाला 15 दिवस, आणि जास्त चौकशी लागली तर 45 पर्यंत जाऊ शकतात. एकदा नकार आलेल्या अर्जाला 45 धरूनच चाला. म्हणजे भेटीची वेळ याच आठवड्यात मिळवायला हवी.

नकार लपवू नका. शेंगेनच्या व्हिसा माहिती प्रणालीत तो पाच वर्षं राहतो, अधिकाऱ्याच्या पडद्यावर तो असणारच. उलट तिने स्वतःच्या सहीने पानभर पत्र लिहावं: मागच्या वेळी हेतू चुकीचा नोंदवला गेला, खरा हेतू हा, पुरावे हे. एजंटावर लांबलचक तक्रार नको, एक वाक्य पुरे.

एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. जून 2024 पासून शुल्क 90 युरो आहे, पण व्हिसा नियमावलीच्या 16व्या कलमात वैज्ञानिक परिषदेला जाणाऱ्या संशोधकांना ते माफ आहे. संशोधकाच्या व्याख्येत डॉक्टरेट नसलेली, पण डॉक्टरेटला प्रवेश मिळेल अशी पदवी असलेली व्यक्तीही येते. एम.एस्सी. आणि पीएच.डी. नोंदणीचं पत्र दाखवून माफी लेखी मागा. अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवा आकार मात्र भरावाच लागतो. पर्यटन लिहिल्यामुळे तुम्ही तीही संधी घालवलीत.

निमंत्रणपत्र संकेतस्थळावरून आपोआप निघणारं नको. आयोजकांना ईमेल करून नकार कळवा आणि नावानिशी पत्र मागा: पासपोर्ट क्रमांक, तारखा, सादरीकरणाचं शीर्षक आणि वेळ, नोंदणी शुल्क भरल्याची नोंद, राहण्याचा खर्च कुणाचा. आणि नाव! आपल्याकडे पासपोर्टवर मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव असतं, निमंत्रणावर नुसतं नाव-आडनाव येतं. माझ्या एका सहकाऱ्याला या फरकामुळे पत्र पुन्हा मागवावं लागलं, दहा दिवस गेले.

विमा किमान 30 हजार युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. विमानाचं आरक्षण जोडा, पण व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारं तिकीट काढू नका.

देवळाली_कॅम्प

ताई, मी बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून पैशांच्या प्रश्नापुरतं लिहितो.

खात्यात एकदम रक्कम येणं हा दोष नाही. ती कुठून आली हे कळत नाही, ही अडचण आहे. वडिलांच्या खात्यात जमा झालेल्या प्रत्येक मोठ्या रकमेसमोर व्यापाऱ्याची किंवा निर्यातदाराची हिशोबपट्टी लावा: तारीख, किती क्विंटल, भाव, जमा रक्कम. एका पानावर तक्ता करा. सलग तीन वर्षांचे मार्च-एप्रिल दाखवलेत तर अधिकाऱ्याला दिसेल की हे पैसे दरवर्षी याच काळात येतात, व्हिसासाठी कुणाकडून उसने आणलेले नाहीत.

डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ काढा. वर इंग्रजीत चार ओळींचं टिपण हवंच, नाहीतर परक्या माणसाला काही कळणार नाही: नमुना सात म्हणजे मालकी, बारा म्हणजे पिकं, आठ-अ म्हणजे एका खातेदाराची गावातली एकूण जमीन. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं ते एकरांत करू नका, तिकडे हेक्टरच समजतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडा. पिकावर बोजा असेल तर तोही दिसू द्या. पीककर्ज घेऊन दरवर्षी फेडणारा शेतकरी हा पत असलेला माणूस आहे.

अधिछात्रवृत्तीसाठी मंजुरीचा आदेश जोडा. त्यात महिन्याची रक्कम आणि कालावधी असतो, मग खात्यातल्या उड्या आपोआप समजतात.

निवृत्त_रसायन

हे त्या मुलीला जरूर वाचून दाखवा. 2006च्या फेब्रुवारीत रसायनशास्त्रज्ञ गोवर्धन मेहता यांना चेन्नईच्या वकिलातीत अमेरिकेचा व्हिसा नाकारला गेला होता. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे माजी संचालक, आणि त्या वेळी जगभरच्या विज्ञानसंस्थांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष. फ्लोरिडाच्या विद्यापीठाने त्यांना बोलावलं होतं. बराच गदारोळ झाल्यावर व्हिसा देऊ केला गेला, पण त्यांनी तो दौरा केला नाही. तेव्हा नकार म्हणजे तिच्या कामावरचा शेरा नव्हे, हे तिला ठामपणे सांगा.

वैज्ञानिकांना मुक्तपणे ये-जा करता यावी हे तत्त्व त्या संघटनेने आजही धरलेलं आहे. 2018 पासून तिचं नाव आंतरराष्ट्रीय विज्ञान परिषद. म्हणून आयोजकांना कळवायला संकोच करू नका. निवडलेला वक्ता येऊ शकत नाही ही त्यांचीही अडचण आहे.

निफाडकर

मॅडम, मी शिकलेला कमी, बाग मात्र तीस वर्षं करतोय. "परत येईल का" या शंकेवर वर कुणी नीट बोललं नाही म्हणून लिहितो.

तुमची विद्यार्थिनी केवड्यावर काम करते ना? मग ऑक्टोबर छाटणीला ती इथे नसेल तर तिचं वर्ष वाया. छाटणीनंतर दहा-बारा दिवसांत डोळे फुटतात, त्यात पाऊस-दहिवर पडलं की केवडा धरतो. तेव्हा पानं मोजायची नाहीत तर मग कधी? पुढची संधी थेट पुढच्या ऑक्टोबरला. तिच्या परत येण्याचा याहून पक्का पुरावा कोणता? हे तुमच्या पत्रात आहे का?

गंगापूररोड

निफाडकर दादा, नव्हतं. एकदाही सुचलं नाही, आणि ते तर माझ्या डोळ्यांसमोर होतं. तिच्या सहामाही प्रगती अहवालात प्रयोगाचे प्लॉट, गट नंबर, फवारणीचं वेळापत्रक, निरीक्षणांच्या तारखा सगळं आहे. काल रात्री बसून पत्र पुन्हा लिहिलं, दोन पानी. त्यात हे पहिल्याच परिच्छेदात घेतलं, अहवाल जोडला आणि प्राचार्यांकडून ना-हरकत पत्रात रजेच्या तारखांसह रुजू होण्याची तारीखही घालून घेतली.

पुणे_लॅब, आयोजकांचं उत्तर एका दिवसात आलं. नवं पत्र पासपोर्टवरच्या पूर्ण नावाने दिलंय आणि सादरीकरणाची वेळही घातलीय. शुल्कमाफीचा अर्ज तिने स्वतः लिहिला. या वेळी फॉर्मचा एकेक रकाना आम्ही दोघींनी भरला.

देवळाली_कॅम्प, हिशोबपट्ट्या घरी एका पत्र्याच्या पेटीत निघाल्या, सात वर्षांच्या. तीन वर्षांचा तक्ता झालाय. एकच विचारायचंय: सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर नोटरीकडून साक्षांकित केलेलं चालतं का, की भाषांतरकाराचा शिक्काच लागतो? नाशिकमध्ये असं काम नीट करणारं कुणी माहीत असेल तर कळवा.

भेटीची वेळ पुढच्या गुरुवारी मुंबईत मिळाली आहे. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने जाणार होतो, पण या पावसात कसारा घाटाचा भरवसा नाही, म्हणून बुधवारीच निघतोय.

परतीचं आरक्षण 2 ऑक्टोबरचं धरलंय. तिच्या वडिलांनी छाटणी 6 तारखेला ठरवली आहे. म्हणाले, ती आल्याशिवाय कात्री लावणार नाही.