हेडलाइटची काच तडकली आहे आणि आत पाणी शिरते. घरच्या घरी दुरुस्ती होईल का?

मुलुंडचा_रहिवासी
नमस्कार मंडळी. सोसायटीच्या आवारात मागे येणाऱ्या टेम्पोने माझ्या ९ वर्षांच्या गाडीच्या उजव्या हेडलाइटला धक्का दिला. काचेच्या खालच्या कोपऱ्यात चार बोटे लांब तडा गेला आहे, दिवा स्क्रूने गाडीला धरून ठेवणारा वरचा प्लॅस्टिकचा कान तुटल्यामुळे दिवा हाताने हलतो आणि गेल्या आठवड्यातील पावसानंतर आत थेंब साचू लागले आहेत. गॅरेजवाल्याने पूर्ण दिवा बदलण्यासाठी ६,५०० रुपये सांगितले. गाडी फार तर दोन वर्षे वापरायची असल्याने एवढा खर्च जिवावर येतो. माझ्याकडे ड्रिल, सोल्डरिंग आयर्न आणि हेअर ड्रायर आहे. कोणी हे काम स्वतः केले आहे का?

गोरेगाव_पूर्व
मी केले आहे. आधी दिवा गाडीवरून उतरवा, बल्ब आणि मागची रबरी टोपी काढा आणि हेअर ड्रायर हातभर लांब धरून आतला भाग पूर्ण कोरडा करा. ओलावा आत असताना तडा बुजवला, तर तो कायमचा आत कोंडला जाईल. रिफ्लेक्टर पुसण्याचा मोह मात्र टाळा, कारण त्यावरचा ॲल्युमिनियमचा मुलामा इतका पातळ असतो की फडक्याबरोबर निघून येतो.

आपण काच म्हणतो खरे, पण ते पॉलिकार्बोनेट असते. त्याचे तुकडे होत नाहीत, फक्त तडा जातो आणि गाडीच्या हादऱ्यांनी तो पुढे पुढे सरकतो. तो जिथे संपतो, बरोबर त्या टोकाला २ मिलिमीटरचे भोक पाडले की तिथेच थांबतो. ड्रिलच्या टोकाला थोडे व्हॅसलीन लावून, दिव्याचे तोंड जमिनीकडे धरून खालून भोक पाडावे, म्हणजे कीस आत पडत नाही. पहिल्या वेळी मला हे सुचले नव्हते. दोन पांढरे कण आजही रिफ्लेक्टरवर बसून माझ्याकडे बघतात.

त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने तडा पुसून त्यात सावकाश सुकणारे, दोन ट्यूबांचे पारदर्शक इपॉक्सी भरा आणि दिवा २४ तास हलवू नका. थिनर किंवा ॲसिटोन वापरल्यास पॉलिकार्बोनेट पांढरे पडून आणखी तडकते. झटपट चिकटणारा गोंदही नको, कारण त्याच्या वाफेने काच आतून धुरकट होते.

दिव्याच्या मागे हवा खेळण्यासाठी बारीक नळी किंवा जाळी असते, ती बुजवू नका. पाणी तिथूनच शिरते असे समजून अनेक जण तिच्यावर सिलिकॉन फासतात आणि मग दिव्यात कायम वाफ धरते.

जुना_फिटर
कानाबद्दल लिहितो. दिव्याच्या मागच्या काळ्या भागावर प्लॅस्टिकचा प्रकार कोरलेला असतो. तिथे ‘पीपी’, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, असे असेल, तर त्यावर इपॉक्सी धरत नाही. आज चिकटल्यासारखे वाटेल आणि पहिल्या खड्ड्यात सुटेल. अशा वेळी तुटलेला कान जागेवर धरून सोल्डरिंग आयर्नने जोड वितळवावा, वरून स्टेपलरच्या दोन-तीन पिना गरम करून आत दाबाव्यात आणि त्यावर त्याच जातीच्या प्लॅस्टिकची पट्टी वितळवून थर द्यावा. हे काम गॅलरीत करा, धूर नाकात जाऊ देऊ नका.

कान दोन मिलिमीटरने जरी सरकून बसला, तरी उजेडाचा झोत समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. म्हणून आधी दिवा गाडीवर बसवून स्क्रू आवळा, कान तिथेच दोन ठिकाणी टाचून घ्या आणि मगच दिवा काढून जोड पक्का करा.

कुर्ला_फेरी
मी असतो तर एवढी खटपट केली नसती. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. आपला दिवा सोबत न्यावा, मागचा कनेक्टर जुळवून पाहावा आणि मोबाइलचा टॉर्च मारून रिफ्लेक्टर काळवंडला नाही ना याची खात्री करावी. विम्याच्या नादी मात्र लागू नका. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, शिवाय नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, हीसुद्धा जाते.

मुलुंडचा_रहिवासी
सर्वांचे आभार. गेल्या शनिवारी-रविवारी काम केले. दिव्यावर ‘पीपी’ कोरलेले होते, त्यामुळे फिटर काकांनी सांगितल्याप्रमाणे पिना घालून कान जोडला. रात्री कंपाउंडच्या भिंतीसमोर गाडी उभी करून दोन्ही दिव्यांच्या उजेडाची वरची कड ताडून पाहिली. उजवी कड चार बोटे वर होती, ती मागच्या स्क्रूने खाली आणली. इपॉक्सी आणि अल्कोहोल मिळून ३८० रुपये लागले. कालच्या पावसात थेंब दिसला नाही. सकाळी काचेवर किंचित वाफ धरते, पण दिवा लावल्यावर दहा मिनिटांत जाते. तड्याची रेघ दिसते, ती दिसणारच.

एक राहिले: डावी काच पिवळी पडली आहे. टूथपेस्टने घासू का?

गोरेगाव_पूर्व
टूथपेस्टने चार दिवस चमकेल. उन्हापासून वाचवणारा वरचा थरच गेलेला असतो, म्हणून काच पिवळी पडते. ८००, मग १५००, मग ३००० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी मारत घासा, पॉलिश करा आणि वर यूव्ही रोखणारा क्लिअर कोट द्या. तो दिला नाही, तर पुढच्या मे महिन्यापर्यंत काच पुन्हा पिवळी होईल.